न झालेले चित्रीकरण पाच जणांना कसे आठवते?

पुण्यातील एका निवृत्त गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वाढलेले ते पाच मित्र आजही दर शनिवारी भेटतात. १९८३ च्या विश्वचषकात कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध केलेली नाबाद १७५ धावांची खेळी वाड्यातल्या एकुलत्या एक टीव्हीवर आपण पाहिली, असे पाचही जणांना स्वच्छ आठवते. कोण कुठे बसले होते, घरमालकांनी आवाज कमी करायला कसे सांगितले, हेसुद्धा आठवते. अलीकडे एकाचा नातू ती खेळी मोबाइलवर शोधू लागला, तेव्हा कळले की त्या सामन्याचे चित्रीकरणच झालेले नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, एकाची आठवण चुकली तर समजू शकते, पण पाच जण एकाच तऱ्हेने कसे चुकतील. आणि अशा सामूहिक आठवणी म्हणजे दुसऱ्या एखाद्या कालप्रवाहाच्या, म्हणजे वेगळ्या घडलेल्या इतिहासाच्या, खुणा असतात असे जे सांगितले जाते, त्यात काही तथ्य असेल का?

पुण्यात गेली चौतीस वर्षे मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो आहे आणि त्यातला बराच काळ माणसांच्या आठवणी ऐकण्यात गेला आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ही चूकच आहे आणि ती आपण सगळे रोज करतो त्याच जातीची आहे. पाच जणांचे एकमत झाले म्हणून तिची जात बदलत नाही. मात्र अशा चुकांचा एक छोटा भाग अजून पुरता उलगडलेला नाही, आणि तोही मी येथे झाकून ठेवणार नाही.

आधी त्या सामन्याकडे पाहू. तो १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स या गावी झाला. भारताची अवस्था ५ बाद १७ अशी झाली असताना कपिल देवने डाव सावरला, भारताने ६० षटकांत ८ बाद २६६ धावा केल्या आणि ३१ धावांनी सामना जिंकला. मैदानावर चित्रीकरणाचे कॅमेरे नव्हते, त्यामुळे ती खेळी मैदानाबाहेरच्या कोणीही, जगात कोठेही, पडद्यावर पाहिलेली नाही. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २५ जूनला, लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. तो दूरदर्शनने दाखवला. मागे धावत जाऊन कपिलने घेतलेला रिचर्ड्सचा झेल तेव्हापासून आजवर आपण सर्वांनी अगणित वेळा पाहिला आहे. म्हणजे वाडा खरा, टीव्ही खरा, मित्र खरे, घरमालकांचे रागावणेही बहुधा खरेच. फक्त पडद्यावरचा सामना दुसरा होता.

आठवण ही पेटीत ठेवलेल्या छायाचित्रासारखी असते, हवी तेव्हा जशीच्या तशी बाहेर काढता येते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती शाहिराच्या पोवाड्यासारखी असते. शाहिराला प्रसंग ठाऊक असतो, ठळक कडवी पाठ असतात, पण मधल्या जागा तो प्रत्येक वेळी नव्याने, समोरच्या श्रोत्यांकडे पाहून भरतो, आणि पुढच्या वेळी आपण मागे काय भरले होते तेच त्याला मूळ वाटू लागते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती लिहून काढायला सांगितली. लोकांच्या लेखनात सीलच्या शिकारीची मासेमारी झाली आणि आदिवासींच्या डोंग्यांच्या जागी साध्या होड्या आल्या. कोणीही खोटे बोलत नव्हते. जे ओळखीचे होते ते अनोळखी गोष्टीच्या जागी आपसूक येऊन बसले होते.

यात आणखी एक अडचण अशी की, मनात एखादी गोष्ट किती स्पष्ट आहे याची नोंद आपल्याला चांगली लागते, पण ती आली कोठून याची नोंद फार कच्ची असते. पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले आणि मनाशी रंगवलेले, हे सगळे एकाच कोठीत पडते आणि त्यावरच्या चिठ्ठ्या लवकर गळून जातात. तुमच्या बाबतीत रेडिओवरच्या बातम्या, दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र, शाळाकॉलेजात रंगवून सांगितलेले वर्णन, अंतिम सामन्याची प्रत्यक्ष पाहिलेली दृश्ये आणि पुढे २०२१ मध्ये त्या विजयावर निघालेल्या हिंदी चित्रपटात पुन्हा उभी केलेली तीच खेळी, इतका माल चाळीस वर्षांत जमा झालेला आहे. त्यातून एक सलग दृश्य तयार होणे यात नवल नाही. मला विचाराल तर ते झाले नसते तरच नवल होते.

तुमच्या मित्रांना वेगवेगळे गाठून एक प्रश्न विचारून पाहा: त्या दृश्यात खेळाडूंचे कपडे कोणत्या रंगाचे आहेत आणि चेंडू कोणत्या रंगाचा आहे? त्या स्पर्धेत कपडे पांढरे होते आणि चेंडू लाल होता. एखाद्याच्या डोळ्यांसमोर निळा पोशाख उभा राहिला, तर ते दृश्य केव्हाच्या मालातून शिवले गेले, हे तिथल्या तिथे कळते. गाभ्यापेक्षा काठाकडचे तपशील विचारावेत, असा माझा अनुभव आहे. गाभा शेकडो वेळा सांगून गुळगुळीत झालेला असतो, काठ मात्र सहसा कोणी घासलेले नसतात.

आता मुख्य शंका, की पाच जण सारखेच कसे चुकतात. एकाच वहीवरून पाच मुलांनी गृहपाठ उतरवला, तर मूळ वहीतली चूक पाचही वह्यांत सारखीच सापडते, आणि पाच वह्या जुळतात म्हणून उत्तर बरोबर आहे असे कोणतेही शिक्षक म्हणत नाहीत. साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या एकमताला वजन असते. तुम्ही पाच जण एकाच वाड्यात राहिलात, तीच वर्तमानपत्रे वाचलीत, तोच अंतिम सामना पाहिलात आणि चाळीस वर्षे दर शनिवारी त्याच आठवणी एकमेकांना सांगत आलात. तुमच्या आठवणी स्वतंत्र राहिल्या असतील अशी अपेक्षाच करता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फिओना गॅबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या जोड्यांना एकाच प्रसंगाचे चित्रीकरण वेगवेगळ्या कोनांतून दाखवले. आपण दोघांनी एकच पाहिले आहे, अशी त्यांची समजूत होती. नंतर आपसांत बोलू दिल्यावर त्यांतील ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून कळलेली एखादी तरी गोष्ट आपल्या साक्षीत घातली. हा परिणाम एकदाच झालेल्या बोलण्याचा होता. तुमची बैठक चाळीस वर्षांची आहे.

तुमच्या उदाहरणाचा जुळा भाऊ शोभेल असे एक उदाहरण नेदरलँड्समध्ये नोंदले गेले आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल कंपनीचे मालवाहू जंबो विमान ॲम्स्टरडॅममधील बैलमर भागातल्या एका निवासी इमारतीवर कोसळले. विमान आदळतानाचे चित्रीकरण अस्तित्वात नाही, टीव्हीवर दिसली ती नंतरची आग आणि पडझड. तरीही दहा महिन्यांनी क्रोम्बाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा ५५ टक्के लोकांनी ती धडक टीव्हीवर पाहिल्याचे सांगितले, आणि पुढच्या एका पाहणीत कायद्याच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश तसे म्हणाले. विमान कोणत्या कोनातून आदळले हेही त्यांतील अनेकांनी सांगितले. ही माणसे एकमेकांशी ठरवून आली नव्हती. त्यांच्याजवळ पोकळी एकच होती आणि ती भरायचा मालही एकच होता. शिवाय ‘तुम्ही ते चित्रीकरण पाहिले का’ या प्रश्नातच चित्रीकरण असल्याची सूचना दडलेली होती.

यापेक्षा जवळचे उदाहरण मी माझ्या घरातले देतो, कारण या विषयाकडे माझे लक्ष खऱ्या अर्थाने त्यानेच वेधले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचे घर नारायण पेठेत होते. मी पाच वर्षांचा होतो, दादा आठ वर्षांचा. शेजारच्या गच्चीवरून गढूळ पाण्यात एक लाकडी देव्हारा वाहत जाताना आम्ही दोघांनी पाहिला, त्याला बांधलेले आंब्याचे तोरण अजून हिरवे होते, ही आमची दोघांचीही आठवण. तो आधी कोणी पाहिला, यावर आम्ही लहानपणी भांडलोसुद्धा आहोत. पुढे १९९६ मध्ये आजोबांचे कागद आवरताना आईने त्यांना साताऱ्याला पाठवलेले पत्र सापडले. त्यावर १८ जुलै १९६१ ही तारीख होती. ‘मुलांना इतक्यात धाडू नये, घरात गुडघाभर चिखल आहे, धाकटा तेथे रडत नाही ना ते कळवावे,’ असे त्यात लिहिले होते. दादाला गोवर येऊन गेला होता, म्हणून जूनअखेरीसच आम्हा दोघांना साताऱ्याला ठेवले होते. पूर आला त्या दिवशी आम्ही पुण्यात नव्हतोच.

दादा ते पत्र हातात धरून बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मग ते तोरण पाहिले कोणी?” ते शेजारच्या काकूंनी पाहिले होते. काकू दर वर्षी पुराची गोष्ट सांगत, आम्ही त्यांच्या मांडीवर बसून ती ऐकत असू, आणि ऐकता ऐकता आम्ही केव्हा त्या गच्चीवर जाऊन उभे राहिलो ते आम्हालाही कळले नाही. सख्ख्या भावंडांत अशा सामाईक मालकीच्या आठवणी पुष्कळ सापडतात, आणि जुळ्यांच्या अभ्यासात तर एकच प्रसंग आपल्यावरच गुदरला असे दोघेही सांगताना आढळले आहेत. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. पत्र वाचल्यानंतर माझी समजूत बदलली, दृश्य बदलले नाही. आजही डोळे मिटले की तो देव्हारा तसाच वाहत येतो. म्हणून ‘पण मला इतके स्पष्ट दिसते आहे’ या म्हणण्याला मी पुरावा मानत नाही, आणि तसे म्हणणाऱ्याला खोटारडाही मानत नाही.

आता कालप्रवाहाचा मुद्दा. जगाचा इतिहासच बदलला आणि काहींच्या मनात जुन्या इतिहासाच्या खुणा राहिल्या, असे घटकाभर धरून चालू. तसे असते तर त्या खुणा कोणाकडे, कशा सापडाव्यात? या कल्पनेला ज्यांचे नाव मिळाले ते नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असे अनेक अमेरिकनांना आठवत होते. फिओना ब्रूम या लेखिकेने त्यावरून या प्रकाराला मंडेला परिणाम हे नाव दिले. प्रत्यक्षात मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, १९९४ ते १९९९ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. इतिहास बदलला असता तर त्याची सर्वांत जास्त झळ दक्षिण आफ्रिकेतल्या माणसांच्या आठवणींना लागायला हवी होती, कारण तिथे त्या नावाशी प्रत्येक घराचा संबंध होता. पण ही आठवण सापडते ती दूरच्या, वरवरची माहिती असलेल्या लोकांत, आणि स्टीव्ह बिको हे दुसरे आफ्रिकी नेते १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात वारले होते, त्या बातमीशी ती गुंतली असणे सहज शक्य आहे. जिथे माहिती विरळ तिथे चूक दाट, ही चुकीची खूण आहे.

दुसरी खूण अशी की, या आठवणी बहुतेक वेळा सोप्याकडे आणि अपेक्षिताकडे झुकतात. ‘शोले’मधला गब्बर ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे’ असे म्हणतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ आहे. चित्रपटात ‘कितने आदमी थे’ हा प्रश्न कालियाच्या टोळक्याला विचारलेला आहे आणि ‘अरे ओ सांबा’ ही हाक त्यानंतर, सरकारने किती इनाम लावले आहे हे विचारताना येते. दोन गाजलेले तुकडे जोडले की नक्कल करायला सोपे जाते, म्हणून ते जोडले गेले आणि सर्वांच्या तोंडी सारखेच जोडले गेले. बदललेल्या इतिहासाला आपल्या सोयीची इतकी काळजी का असावी, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

तरीही न उलगडलेला भाग आहे, असे मी सुरुवातीस म्हटले. शिकागो विद्यापीठातील दीपश्री प्रसाद व विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० परिचित चित्रे व बोधचिन्हे घेतली, प्रत्येकाच्या खऱ्या आवृत्तीबरोबर दोन बदललेल्या आवृत्त्या ठेवल्या आणि लोकांना खरी ओळखायला सांगितली. त्यांपैकी ७ चित्रांच्या बाबतीत बरेच लोक एकाच विशिष्ट चुकीच्या आवृत्तीकडे, आणि तेही खात्रीने, वळले. पोकेमॉन या कार्टूनमधल्या पिकाचूच्या शेपटीचे टोक त्यांना काळे आठवत होते, फोक्सवॅगनच्या चिन्हातल्या दोन अक्षरांमधली फट आठवत नव्हती. काही चुका अपेक्षेने समजतात. श्रीमंत म्हाताऱ्याच्या डोळ्याला एकभिंगी चष्मा शोभतो, म्हणून मोनोपोली खेळातल्या गृहस्थाला तो आठवणीत चढवला जातो. पण कपड्यांच्या एका अमेरिकी ब्रँडच्या चिन्हातल्या फळांमागे लोकांना शिंगाच्या आकाराची टोपली आठवते. फळे शिंगात ठेवलेली रोजच्या जगण्यात कोणी पाहतो का? साधी वाटी आठवली असती तर ते अपेक्षेत बसले असते. लोकांनी चित्राकडे नीट पाहिले नव्हते असेही म्हणता आले नाही, कारण योग्य आणि चुकीचे आठवणाऱ्यांच्या पाहण्यात फरक आढळला नाही. सगळ्या चुकांना पुरेल असे एकच कारण सापडले नाही, हाच त्या संशोधकांचा निष्कर्ष होता.

हे वाचून काही जण लगेच म्हणतात, पाहा, विज्ञानही हात टेकते. मला ते तसे वाटत नाही. माणसांप्रमाणे चित्रांनाही स्वतःचा असा गुण असू शकतो, काही चित्रे लक्षात राहायला सोपी असतात तशी काही चित्रे एका ठरावीक दिशेने चुकायला सोपी असावीत, ही शक्यता त्याच अभ्यासातून पुढे येते आणि ती तपासता येण्याजोगी आहे. तापाचे कारण पहिल्या तपासणीत सापडले नाही म्हणून आपण दुसरी तपासणी करतो, अंगारा आणायला धावत नाही.

या सगळ्याचा मला दोन बाजूंनी घोर वाटतो. एकीकडे, आठवणी किती सहज घडवता येतात हे ठाऊक असूनही संमोहनाच्या नावाखाली माणसांना ‘विसरलेले’ प्रसंग आठवायला लावणारे लोक आहेत. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा प्रयोगात २४ जणांना घरच्यांच्या नावाने, बालपणी बाजारपेठेत हरवल्याचा एक बनावट प्रसंग सांगितला गेला, आणि सुमारे एकचतुर्थांश जणांना तो अंशतः किंवा पूर्णपणे ‘आठवला’. एवढ्या साध्या सूचनेने हे होत असेल, तर तासन्‌तास चाललेल्या बैठकांत काय होईल? दुसरीकडे, याच संशोधनाचा आधार घेऊन एखाद्या मुलीने सांगितलेला अत्याचार ‘तुला खोटे आठवते आहे’ म्हणून उडवून लावणारी घरेही मी पाहिली आहेत. आठवण चुकू शकते याचा अर्थ ती चुकलीच आहे असा होत नाही. प्रत्येक आठवणीची शहानिशा तिच्या तिच्या पुराव्याने करावी लागते.

तुम्हा पाच जणांसाठी माझी सूचना अशी. येत्या शनिवारी बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने वेगळ्या कागदावर आपली आठवण लिहावी. टीव्ही कोणत्या बाजूला होता, दिवस होता की रात्र, कोण बाद झाले, समालोचन कोणत्या भाषेत होते, आणि यांतले प्रत्यक्ष पाहिलेले काय, ऐकलेले काय, नक्की नसलेले काय, हेही समोर लिहावे. मग कागद अदलाबदल करून वाचावेत. वरवर एकच वाटणाऱ्या पाच आठवणी किती ठिकाणी निराळ्या आहेत, हे दिसेल, आणि जिथे त्या शब्दशः जुळतील तिथे ती गोष्ट तुमच्यापैकी कोण सर्वांत रंगवून सांगतो ते आठवून पाहावे. नंतर एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन १९ ते २६ जून १९८३ या काळातली वर्तमानपत्रे मागून घ्यावीत आणि त्या आठवड्यात दूरदर्शनवर काय दाखवले गेले ते तारखेनिशी पाहावे.

तुमच्यातले जे मित्र ‘मी पाहिले म्हणजे पाहिले’ म्हणून अडून बसले आहेत, त्यांना सांगावे की नाही, असेही तुम्ही विचारले आहे. जरूर सांगावे, पण चारचौघांत पैज जिंकल्यासारखे नको. वर्तमानपत्राची प्रत त्यांच्या हातात द्यावी, आणि त्याच वेळी हेही सांगावे की, तो वाडा, तो टीव्ही आणि त्या पडद्यासमोर मांडीला मांडी लावून बसलेले पाच जण, यांतले काहीही त्या कागदाने खोटे ठरत नाही.